कुलूपबाई आणि पाचवीची चौकोनी पोटं

आमच्या शाळेच्या ग्रंथपालबाईंना सगळी शाळा कुलूपबाई म्हणते. तोंडावर नाही, एवढी हिंमत कुणात आहे? मी भूगोलाची बाई आणि तिची मैत्रीण, म्हणून मी तिला अगं-तुगं करते, पण मनातल्या मनात मीही कुलूपबाईच म्हणते. आता सांगा, दोष कुणाचा? लायब्ररीच्या तासाला मुलांनी हाताची घडी घालून बसायचं, हिने कपाटाच्या काचेवर बोट ठेवून एकेका पुस्तकाचं नाव वाचायचं आणि मुलांनी "छान" म्हणायचं. झाला तास! एकदा एका पोराने विचारलं, "बाई, आतून कसं असतं हो पुस्तक?" तर ही म्हणाली, "बाहेरच्यासारखंच. गप्प बस."

"माझ्या हातून आजवर एक पुस्तक हरवलेलं नाही," हे ती इतक्यांदा ऐकवायची की माझं डोकं फिरायचं. अगं बाई, हरवायला ते आधी कपाटाबाहेर तरी यायला हवं ना!

पण तिच्यावर नुसतं चिडूनही चालत नाही. ती राहते भावाकडे. घरभर पोरं. हिच्या चपलेपासून कंगव्यापर्यंत सगळं सगळ्यांचं. कपाटात हिच्या नावाचा एक खण आहे, त्यातही भावजय लोकरीचे गुंडे कोंबते. जगात हिचं स्वतःचं असं काय, तर लायब्ररीची ती खोली आणि खिडकीजवळचं टेबल. सुट्टीच्या दिवशीसुद्धा येऊन पुस्तकं पुसत बसते. म्हणूनच मानांकनाची समिती येणार असं कळल्यावर बाकीचे भिंती रंगवायला धावले आणि मला मात्र हिचीच काळजी लागली.

कारण संस्थेच्या अध्यक्षांचा त्याच खोलीवर डोळा होता. त्यांना तिथे स्वतःचं ऑफिस थाटायचं होतं. आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, स्वभावाने वाईट नाहीत, पण बोलायला फटकळ. त्यांनी कुलूपबाईला बोलावून सांगून टाकलं, "समिती बघते वापर. लायब्ररी वापरात दिसली तर खोली तुमची. नाहीतर पुस्तकं पोत्यात आणि तुम्ही फीच्या खिडकीवर."

ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "अगं, खोली गेली तर मी बसू कुठे गं?"

"रडू नकोस. वापर दाखवू आपण," मी म्हटलं आणि एक पुस्तक उघडलं. ते नव्या चपलेसारखं करकरलं. दुसरं उघडलं, तेही करकरलं. तिसऱ्याची पानं तर छापखान्यातून आली तशी एकमेकांना चिकटलेली.

तेवढ्यात शिट्टीसर टपकले. पी.टी.चे सर. गळ्यात शिट्टी, अंगात उत्साह, बाकी आनंद. सगळं ऐकून म्हणाले, "हात्तिच्या! एवढंच ना? जुनी करून टाकू!"

कुणी शहाणी असती तर तिने त्यांना तिथूनच हाकललं असतं. मी दार लावून घेतलं.

शिट्टीसर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर बसायला-उठायला लागले. मी पानांचे कोपरे दुमडत सुटले. मग सरांनी चहा मागवला आणि टपाल खात्यात शिक्के मारावेत तसे पुस्तकापुस्तकावर कपाचे गोल उठवायला लागले. कुलूपबाई त्यांच्यामागून फिरत होती, "अहो सर, हळू! कवितांचं आहे हो ते!" मी तिच्या हातात एक पुस्तक दिलं आणि म्हटलं, "एक तरी तू मळव." तिने बराच वेळ विचार केला, शेवटच्या पानावर पेन्सिलीने एक बारीक ठिपका काढला आणि लगेच खोडून टाकला.

"बोटांचे ठसे मोठ्या माणसांचे वाटतात," सर म्हणाले. "थांबा, पोरं आणतो." आणि मैदानावर लोळत असलेली अख्खी पाचवी त्यांनी हात धुवायला न लावता आत आणली. "चाळा! बिनधास्त चाळा! मळली तरी चालतील!" हे ऐकून कुलूपबाई व्हरांड्यात गेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

आधी नुसता बाजार भरला. मग आवाज कमी कमी होत गेला, आणि थोड्या वेळाने पाचवीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. शिट्टीसर घाबरले. "पोरांना बरं नाही की काय?" पोरं वाचत होती! घंटा झाली तरी कुणी हलेना. शेवटी सरांनी शिट्टी फुंकली तेव्हा पुस्तकं कपाटात ठेवून सगळी पळाली. ठेवून पळाली असं आम्हाला वाटलं. जरा ताठ पळत होती, पण तेव्हा कुणाच्या लक्षात आलं? सरांनी काचांवर स्वागताचे मोठे कागद चिकटवले. कुलूपबाईने, मळलेली पुस्तकं बघवत नाहीत म्हणून, तोंड फिरवून चाचपडतच कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी समिती आली. प्रमुख बाई अशा, की त्यांनी नुसतं बघितलं तरी दूध नासावं. मागे अध्यक्ष, मनातल्या मनात ऑफिसला पडदे निवडत असलेले. खिडकीबाहेर मैदानात शिट्टीसर पाचवीची कवायत दाखवायला सज्ज.

"उघडा कपाट," प्रमुख बाई म्हणाल्या.

कुलूपबाईने उघडलं. आत एक जाडजूड शब्दकोश आणि 'कोंबड्यांचे आजार'. बस्स! दुसरं उघडलं. तिथे तेही नाही.

वर्ग मोठा आणि कपाटं इनमीन दोन, पण म्हणून सगळी पुस्तकं गायब? अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, "चोरी! मी म्हणत नव्हतो, ही खोली—"

आणि बाहेरून सरांचा आवाज आला, "कमरेत वाका!"

कुणी वाकेना. आम्ही सगळ्यांनी खिडकीतून बघितलं. पाचवी रांगेत उभी होती आणि प्रत्येकाचं पोट चौकोनी होतं. बिचारी पोरं घरी नेलेली पुस्तकं गुपचूप परत ठेवायला घेऊन आली होती, पण कपाटाला कुलूप! ठेवणार कुठे? "वाका म्हणतो ना!" सर ओरडले. एक पोरगा बिचारा वाकला, आणि त्याच्या शर्टातून पुस्तक धपकन खाली पडलं.

"पुस्तकं कुठे आहेत?" प्रमुख बाईंनी विचारलं.

मी कुलूपबाईकडे बघितलं. चोरी म्हटली असती तर पाचवीची धडगत नव्हती, पण हिचं नाव शाबूत राहिलं असतं. ती मैदानातल्या पोरांकडे बघत होती. माझा जीव तुटला हो.

"मुलांकडे," ती म्हणाली. "मीच दिली."

"सगळी?"

"कोंबड्यांचं कुणी नेलं नाही."

"परत कधी येणार?"

"वाचून झाली की," कुलूपबाई म्हणाली आणि रडायला लागली.

प्रमुख बाई तडक मैदानात गेल्या. पडलेलं पुस्तक उचललं, चहाचा गोल बघितला. "हा चहा कुणी सांडला?" पोराने क्षणाचाही विलंब न लावता शिट्टीसरांकडे बोट केलं. "सरांनी! सगळ्या पुस्तकांवर सांडलाय!" सरांनी घाबरून शिट्टी फुंकली. बाई पोराला म्हणाल्या, "गोष्ट काय आहे यात?" झालं! पोरगं सुटलं ते थांबेना. समितीची बाकी मंडळी उन्हात उभी, आणि ह्या ऐकतायत. "शेवट सांगू?" पोराने विचारलं. "खबरदार सांगितलास तर," बाई म्हणाल्या आणि पुस्तक पर्समध्ये टाकून घेऊन गेल्या.

अहवालात लिहून आलं, लायब्ररीची खोली आहे तशीच ठेवावी, पुस्तकं वाढवावीत, शिक्षकांनी तिथे चहा पिऊ नये. अध्यक्षांनी पडदे घरी लावले म्हणे.

आता कुलूपबाई दारात बसते, हात बघते, मळके असतील तर धुवायला पिटाळते आणि तोंडाने अखंड करवादत पुस्तकं देते. कपाटाचं कुलूप तिने स्वतःच्या डब्याच्या पिशवीला लावलंय, कारण शिट्टीसरांना दुसऱ्यांचे डबे फार आवडतात.

प्रमुख बाईंनी पुस्तक टपालाने पाठवलं. पाचवीचीही सगळी परत आली. फक्त समुद्रातल्या प्राण्यांचं, रंगीत चित्रांचं, तेवढं नाही आलं. परवा मी तिच्याशेजारी बसले होते. पाचवीतली, मागच्या बाकावरची एक मुलगी दारावरून मान खाली घालून चालली होती. कुलूपबाईने हाक मारली, "ए, हात धुऊन वाचतेस ना गं?" पोरगी दचकली, मान हलवली आणि धूम पळाली.

मी म्हटलं, "अगं, म्हणजे तुला माहितीये कुणाकडे आहे? मग मागत का नाहीस? एकही हरवलं नाही म्हणून मिरवायचीस ना?"

ती समोरचं पुस्तक पुसत राहिली. "खूप भावंडं आहेत गं तिला. तिचाही एखादा खण असेल. कुणी त्यात लोकर कोंबायच्या आत पुस्तक बसलं असेल, तर बसू दे."