आत्याबाईंची कवळी आणि बसमध्ये सापडलेला जिना

दिनांक १७ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी, पहिला रुग्ण येण्यापूर्वी, दातांच्या एका दवाखान्याच्या मागील खोलीतून एक जुना टीव्ही, त्याखालचा कॅसेट लावण्याचा संच आणि बुटांच्या खोक्यात भरलेल्या कॅसेटी हलवण्यात आल्या. रिकाम्या जागी एक नवे यंत्र बसवण्यात आले. ते दिसायला देखणे आहे आणि त्याच्याकडे पाहून आजवर कोणीही हसलेले नाही. ही तक्रार लेखी ठेवली जात आहे, कारण तोंडी तक्रारीला हल्ली लोक सहानुभूतीने मान डोलावतात आणि घड्याळाकडे बघतात.

त्या खोलीत बसणाऱ्या गृहस्थांना गल्लीत सारे कवळीकर म्हणतात. ते त्यांचे आडनाव नव्हे. पण आयुष्यभर दुसऱ्यांचे दात घडवणाऱ्या माणसाला दुसरे नाव टिकत नाही आणि त्यांनीही ते टिकवण्याचा आटापिटा केला नाही. खोली अरुंद आहे. एका भिंतीला लाकडी ओटा, त्यावर स्पिरिटचा दिवा, मेण कोरायच्या सुऱ्या, प्लॅस्टरचे जबडे ओळीने मांडलेले. समोर पाठ मागे झुकणारी खुर्ची. तिच्यासमोर लोखंडी घडवंचीवर तो टीव्ही असे.

कवळी बनवणाऱ्याच्या खोलीत टीव्ही कशाला, असा प्रश्न ज्यांना पडेल त्यांचे दात शाबूत आहेत, एवढेच म्हणता येईल. सगळे दात गेलेल्या माणसाला नवे लावायचे, तर ते किती लांब असावेत हे आधी ठरावे लागते. त्यासाठी हिरड्यांवर मेणाची कड बसवतात, माणसाला हसवतात, आणि वरचा ओठ जिथवर चढेल तिथे मेणावर सुरीच्या टोकाने रेघ ओढतात. त्या दवाखान्यात तिला हसरी रेघ म्हणतात. रेघ चुकली की दात चुकले. मग माणूस बोलताना घोड्यासारखा दिसतो, नाहीतर हसताना नुसत्या गुलाबी हिरड्या दाखवतो.

अडचण अशी, की दवाखान्यात कोणी हसत नाही. ‘हसा’ म्हटले की लोक ओळखपत्राच्या फोटोला बसल्यासारखे ओठ ताणतात. ते हसू त्यांचे नसते, सरकारी असते. त्यावर ओढलेल्या रेघेचे दात घरी जाऊन पेल्यात पडून राहतात.

कवळीकरांनी तरुणपणी यावर उपाय शोधला, तो रविवार दुपारच्या आठवणीतून. त्यांच्या लहानपणी टीव्हीवर इंग्लंडमधला एक जुना विनोदी कार्यक्रम लागे. अर्ध्या तासात पाचसहा प्रवेश; कोणत्याही प्रवेशाला डोके नाही, शेपूट नाही. काळ्या सुटातला गंभीर गृहस्थ काचेच्या बरण्यांत धुके भरून विकायला बसलेला असे आणि गिऱ्हाईक त्याच्याशी भावावरून हुज्जत घाली. वादकांच्या जागी कपाटे मांडून एक संचालक त्यांच्यापुढे काठी हलवी, आणि एका कपाटाचे दार अवेळी उघडले म्हणून त्याचा पाणउतारा करी. कवळीकरांचे वडील टपाल खात्यात पत्रांची वर्गवारी करत. त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता. पण पडद्यावर एखादा कारकून दिसला, चष्मा नाकावर, समोरच्याच्या हातात काय आहे याची दखलही न घेता कागद मागणारा, की वडील मांडीवर थाप मारून म्हणत, “अरे, हा आमच्या खात्यातला आहे.” आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत. एरवी ते घरात कधी हसले असतील तर ते कोणाला आठवत नाही.

त्या हसण्याचे कोडे कवळीकरांना कधी सुटले नाही. हेच त्यांचे खरे वेड. भाषा कळत नव्हती, तर वडील हसले कशाला? कॅसेटी मिळू लागल्या तेव्हा त्यांनी तो कार्यक्रम मिळेल तिथून गोळा केला, दवाखान्याच्या थोरल्या डॉक्टरांची परवानगी काढली आणि खुर्चीतल्या माणसाला मेण तोंडात घालून तो दाखवायला सुरुवात केली. रेघा अचूक येऊ लागल्या. त्याबरोबर त्यांचे निरीक्षणही चालले. इंग्रजी जाणणारे उशिरा हसतात, कारण ते शब्दांत अर्थ शोधत बसतात. न जाणणारे लवकर हसतात, कारण ते चेहरा बघतात. दुकानदार धुक्याच्या भावाला हसतात. शिक्षक कपाटांना हसतात. एका न्हाव्याने सबंध कार्यक्रम मख्ख चेहऱ्याने पाहिला आणि शेवटी नावांची पाटी सरकू लागली तेव्हा त्याला हसू आवरेना. कवळीकरांनी त्याला विचारले, “आता काय झालं?” तो म्हणाला, “संपलं ना. मला वाटलं, अजून काहीतरी सांगतील.” त्या दिवशी कवळीकरांचा तोवरचा सगळा सिद्धांत पाण्यात गेला, आणि ते आनंदाने घरी आले.

घरी बायको शिवणयंत्रावर असे. तिने सारे प्रवेश हजारदा ऐकलेले, बसमध्ये सापडलेल्या जिन्याचा तर तोंडपाठ. यंत्र न थांबवता ती विचारी, “काय हो, सापडला का जिन्याचा मालक?”

“तू चेष्टा कर. आज एक नवीन कळलं.”

“कळलं ते ठेवा तुमच्याकडे आणि आधी हातपाय धुवा. केसांत मेण आहे.”

थोरले डॉक्टर गेले आणि दवाखाना त्यांच्या मुलीकडे आला. या डॉक्टरीणबाई हुशार, कष्टाळू, स्वभावाने वाईट नव्हेत. त्यांना खलनायिका ठरवण्याची सोय नाही, ही या तक्रारीची अडचण आहे. लहानपणी त्या याच खोलीत प्लॅस्टरच्या जबड्यांशी खेळल्या, आणि कवळीकरांना काका म्हणतात. पण गेल्या हिवाळ्यात एका गृहस्थांनी तक्रार केली, की पत्नीच्या निधनाला महिना झाला नसताना त्यांना मोठ्याने हसवण्यात आले आणि ते बाहेर बसलेल्या मेव्हण्याने ऐकले. तशात जबड्याची प्रतिमा घेणारे यंत्र यायचे होते, आणि त्याला जागा हवी होती.

“काका, मी उगाच काढत नाहीये,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण लोक विचारतात हो, हा दवाखाना आहे की थिएटर.”

“रेघेसाठी आहे तो टीव्ही. तुमच्या वडिलांनी स्वतः...”

“बाबांचं सोडा. तुम्ही म्हणता, त्याने कोणीही हसतं. कोणीही?”

“आजवर तरी.”

“मग माझ्या आत्याला हसवा. ती हसली तर टीव्ही राहील. नाही हसली, तर यंत्र येईल त्या दिवशी हलवायचा. चालेल?”

कवळीकर चालेल म्हणाले.

आत्याबाई वजनमापे खात्यात निरीक्षक होत्या. सारी नोकरी बाजारातले तराजू तपासण्यात गेली. हसणाऱ्या माणसाविषयी त्यांचे मत ठाम होते: समोरचा हसला की समजावे, याने काटा मारला आहे. त्यांच्यासाठी कवळीकरांनी आधी दोन कवळ्या केल्या होत्या. टीव्ही बघायला त्यांनी दोन्ही वेळा नकार दिला, म्हणून रेघ त्यांच्या ताणलेल्या ओठांवर ओढावी लागली, आणि दोन्ही कवळ्या फसल्या. एक बोलताना वाजे. दुसरीने शीळ निघे. दोन्ही कवळीकरांच्याच हातच्या, हे त्यांना झोंबत होते. या वेळी भाचीने गळ घातली म्हणून त्या खुर्चीत बसल्या, पर्स मांडीवर घट्ट धरून.

पहिल्या बैठकीला कवळीकरांनी हुकमी पान टाकले: कपाटांचा प्रवेश. आत्याबाईंनी तो शेवटपर्यंत पाहिला, मेणाची कड तोंडातून काढून तबकात ठेवली आणि विचारले, “कपाटं कोणाच्या मालकीची?”

“ते सांगितलेलं नाही.”

“सांगायला हवं होतं.” त्या उठून गेल्या.

कवळीकरांना त्या संध्याकाळी जेवण गेले नाही. बायकोने यंत्र थांबवले, जे ती सहसा थांबवत नसे. “अहो, नाही हसली तर नाही हसली. तुम्ही ओठ वर झाल्याचं सांगा. कोण बघायला बसलंय?”

“मी बघायला बसलोय ना.”

“मग जिना लावा,” ती म्हणाली. “त्यात निदान एक कारकून आहे. त्यांच्या ओळखीचा.”

दुसऱ्या बैठकीला जिना लागला. हरवलेल्या वस्तूंचे कार्यालय. एक गृहस्थ बसमध्ये सापडलेला भलामोठा लाकडी जिना जमा करायला येतात. कारकून मान वर न करता विचारतो: रंग कोणता, पायऱ्या किती, आणि सापडला तेव्हा तो वर जात होता की खाली? इतक्यात दुसरे गृहस्थ येतात आणि जिना आपला असल्याचा दावा करतात. कारकून म्हणतो, सिद्ध करा. ते जिना चढून दाखवतात. कारकून समाधानाने शिक्का उचलतो.

“थांबवा,” आत्याबाई म्हणाल्या. तोंडात मेण असल्यामुळे शब्द जाड आला. कवळीकरांनी कॅसेट थांबवली.

“हे चूक आहे. चढणं कोणालाही जमतं. याला उतरायला लावायला हवं होतं.”

कवळीकरांच्या ओठांवर हसू आले होते. त्यांनी ते गिळले. त्यांना खरेच जाणून घ्यायचे होते. “उतरल्यावर काय कळलं असतं, आत्याबाई?”

“मालक न बघता उतरतो. स्वतःच्या घरचा जिना पायाला पाठ असतो. चोर प्रत्येक पायरीकडे बघेल.”

“पण बसमध्ये विसरला म्हणजे मालक विसराळू आहे. तोही बघेल.”

आत्याबाई खुर्चीत पुढे सरकल्या. पर्स खाली घसरली, ती त्यांनी उचलली नाही. “विसराळू माणूस वस्तू विसरतो हो, पाय नाही विसरत. आणि मला सांगा, बसवाल्याने जिन्याचं तिकीट घेतलं होतं का? घेतलं असेल तर ते ज्याच्याकडे, जिना त्याचा. मिटलं. हा कारकून कामचुकार आहे. आमच्या खात्यात असता तर मी त्याला उभा आडवा घेतला असता.”

हे बोलताना त्यांचा वरचा ओठ डाव्या बाजूने चढत होता, उजवीकडे जरा मागे राहत होता, आणि ‘कामचुकार’ म्हणताना तर मेणाची सबंध कड उघडी पडली. कवळीकर बघत राहिले. वर्षानुवर्षे त्यांनी माणसाचे तोंड हसताना खरे असते असे धरले होते. या बाईंचे तोंड भांडताना खरे होते. तिथे त्या मोकळ्या होत्या, रंगात आल्या होत्या. कवळीकरांनी सुरी उचलली आणि वाद पुढे चालू ठेवत, किंचित तिरकी, डावीकडे चढती रेघ ओढली.

“आणि समजा, तिकीट हरवलं असेल तर?” त्यांनी विचारले.

“मग जिना सरकारजमा,” आत्याबाई म्हणाल्या. “पुढचं लावा.”

पुढचे लावणार तोच डॉक्टरीणबाई दारात आल्या. आत्याला इतके बोलताना त्यांनी कैक वर्षांत ऐकले नव्हते, म्हणून त्या हातातले काम टाकून आल्या होत्या. “हसली?” त्यांनी उत्सुकतेने विचारले.

आत्याबाईंनी पडद्याकडे बोट दाखवून खांदे उडवले. या पैजेची त्यांना कल्पना नव्हती. उत्तर कवळीकरांनी द्यायचे होते. ‘हो’ म्हटले असते तर घडवंची आज जागेवर असती.

“नाही,” ते म्हणाले. “भांडल्या.”

“भांडली?”

“जिन्यावरून. पण रेघ मिळाली, डॉक्टर. एकदम बरोबर मिळाली.”

डॉक्टरीणबाईंनी मेणावरची रेघ वाकून पाहिली. “काका, आपलं ठरलं होतं ते हसण्याचं.”

“हो. ठरलं होतं.”

कवळी तयार झाली. आत्याबाईंनी ती लावली, आरशात न बघता आधी शंभरापर्यंत आकडे म्हणून पाहिले, मग सफरचंद मागवले आणि ते सगळ्यांदेखत खाल्ले. काही वाजले नाही, शीळ निघाली नाही. “वजनात आहे,” एवढेच त्या म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी मोकळ्या मनाने कवळीकरांचे अभिनंदन केले आणि मंगळवारी टीव्ही हलवला. कवळी जमली, पण अट हसण्याची होती, म्हणून जिच्यामुळे कवळी जमली ती वस्तू गेली. हे सांगताना डॉक्टरीणबाईंचा चेहरा अत्यंत गंभीर होता.

त्या आठवड्यात आत्याबाई पुन्हा आल्या. खुर्चीसमोर यंत्र पाहून थबकल्या. “जिन्याचा निकाल काय लागला?”

“निकाल लागत नाही, आत्याबाई. कारकून टोपी घालतो आणि घरी जातो. जिना तिथेच.”

“आणि ते दोघे?”

“उभे राहतात.”

“असं कसं चालेल?” आत्याबाई म्हणाल्या. “मला बघायचं आहे.”

कवळीकरांनी नव्या यंत्राकडे पाहिले. ते जबड्याचे माप केसाइतके बारीक घेते, पण ओठ स्थिर ठेवा असे सांगते. हल्ली कवळीकर रुग्णांना प्रवेश तोंडी सांगून पाहतात. ते साधत नाही, कारण बरण्यांतल्या धुक्याचा भाव येण्याआधी त्यांनाच हसू फुटते, आणि समोरचा माणूस सभ्यपणे ओठ ताणतो. त्या ओठांवर रेघ ओढावी लागते. मागच्या पंधरवड्यात एका बसचालकाची कवळी परत आली. कॅसेटींचे खोके घरी कपाटावर आहे. बायको कोणाशीच बोलत नसल्यासारखे म्हणते, “हे इथे बरं नाही दिसत,” पण ते खाली काढत नाही.

आत्याबाईंनी भाचीला विचारले. भाची म्हणाली, तू एकटीच मागते आहेस, आत्या; एका माणसासाठी यंत्र हलवता येत नाही.

तेव्हा मागणी अशी आहे. यंत्र बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळ, जिथे सध्या कोणी न वाचणारी मासिके ठेवली आहेत, तिथे बसवण्यात यावे, आणि टीव्ही कॅसेटींसह त्याच्या मूळ जागी परत ठेवण्यात यावा. ज्या वाचकांच्या तोंडात या दवाखान्याची कवळी आहे, त्यांनी येत्या आठवड्यात स्वतः जाऊन डॉक्टरीणबाईंना हे सांगावे. पत्र पाठवू नये; पत्राला दात नसतात. कवळी लावून जावे आणि तोंडाने सांगावे.