साडेतेरा व्होल्टची सरळ रेघ

अंकुशराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी नेकनूरला आमच्या कॉलेजात बारावीचं प्रॅक्टिकल घेत होतो. फोन त्यांच्या पत्नीच्या, सुनंदावहिनींच्या भावाचा होता. सकाळी दुकानाचं शटर वर करताना छातीत कळ आली, बीडला न्यायला गाडीत घातलं आणि वाटेतच... मी फोन ठेवला, पोरांना म्हणालो, चालू द्या. मग एकाच जर्नलवर मी तीनदा सही केली, हे त्या पोरानं दाखवलं तेव्हा कळलं. आता महिना उलटून गेला आहे.

मांजरसुंब्याच्या चौकात, ढाब्यांच्या ओळीमागे, त्यांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. शिक्षण दहावीपर्यंत, तेही रडतखडत. उमेदीची वर्षं सेल्फ आणि हॉर्न दुरुस्त करण्यात गेली. गाड्यांत इंजिनाचे कॉम्प्युटर आले तेव्हा या धंद्यातल्या कितीतरी जणांनी हात टेकले. यांनी लॅपटॉप घेतला. त्या कॉम्प्युटरला ते 'डबा' म्हणत. डब्यातला जुना प्रोग्राम पुसून नवा भरायला अर्धा तास लागतो. तेवढ्या वेळात बॅटरीचं व्होल्टेज हललं तर डबा अर्धवट पुसलेला राहतो आणि गाडी मुकी होते. म्हणून बाहेरून वीज देत राहावी लागते, आणि ती कशी द्यायची हाच खरा प्रश्न. मी फिजिक्सचा मास्तर, त्यांचा जुना स्नेही, म्हणून ते मला विचारत. विचारलेलं मला फार आवडायचं, हे आधीच सांगून टाकतो.

आठ वर्षांपूर्वी नांदूरघाटच्या विष्णूभाऊंची पिकअप आली. त्यांच्या पत्नीला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी बीडला न्यावं लागे आणि गाडी चालता चालता बंद पडायची. प्रोग्राम बदलणं भाग होतं. अंकुशरावांकडे बॅटऱ्या चार्ज करायचा साधा चार्जर होता, पण त्यावर त्यांचं मन बसेना. मी कागदावर हिशेब मांडला, इतके अँपिअर लागतील, चार्जर त्याहून जास्त देतो. मीटर लावून दाखवला, साडेतेरा व्होल्ट, काटा गप्प. म्हणालो, लावा बिनधास्त. ते थोडे घुटमळले. शेताची लाइट यायची वेळ झालीय, थांबू का, असं विचारलं. मी हसलो आणि म्हणालो की, अंकुशराव, फिजिक्स माझ्यावर सोडा. त्यांनी माझा शब्द मोडला नाही.

आमच्याकडे विहिरीवरच्या मोटारींना लाइट आली की आपोआप चालू करणारे ऑटो स्विच बसवलेले असतात. थ्री-फेज आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम उचलतात. काम निम्म्याच्या पुढे गेलं होतं आणि लाइट आली. दुकानातला बल्ब मंदावला, चार्जर गुरगुरला, लॅपटॉपवर सरकणारी पट्टी जागच्या जागी थांबली. डबा गेला होता.

विष्णूभाऊ समोर ढाब्यावर बसले होते. अंकुशराव हात पुसत गेले आणि त्यांच्यासमोर उभे राहिले. "भाऊ, चूक माझी हाय. तुमची गाडी चालू होईस्तोर वहिनीला बीडला मी नेतो. एक खेप चुकायची न्हाई." मी शटरपाशी उभा होतो. पुढे होऊन एवढंच म्हणायचं होतं की यांनी थांबायला सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. माझे पाय हलले नाहीत. तालुक्यातली निम्मी पोरं ज्याला सर म्हणतात, त्याला चूक झाली म्हणणं जड जातं.

पुढचे तीन आठवडे ते पहाटे स्वतःच्या जीपमधून नांदूरघाटला जात, तिथून बीड. एकही खेप चुकली नाही. उरलेल्या वेळात त्यांनी वीजपुरवठ्याचं यंत्र शोधायला घेतलं. व्होल्टेजचा चढउतार पडद्यावर रेघेनं दाखवणारा कॉलेजच्या प्रयोगशाळेतला ऑसिलोस्कोप त्यांनी मागून नेला आणि आधी जुना चार्जर त्याला जोडला. पडद्यावर उंटाच्या पाठीसारखे उंचवटे दिसू लागले. तेच उंचवटे मी दरवर्षी फळ्यावर काढत आलो होतो! मीटरचा काटा मला सरासरी सांगत होता आणि मी तिच्यावर विसंबलो होतो. अंकुशराव मला एका शब्दाने लागेल असं बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "सर, मीटर खोटं बोलत न्हाई, पण समदं सांगत बी न्हाई."

मग यंत्रं येत गेली. खोक्यावर काय छापलंय ते त्यांनी वाचलंच नाही. एका भंगार गाडीला यंत्र जोडायचं, हेडलाइट लावायचे, रेडिएटरचा पंखा अचानक सुरू करायचा, आणि हे सगळं नेमकं मोटारी उचलायच्या वेळेला. पहिलं यंत्र पंख्यापुढे दमलं. दुसरं फार शहाणं निघालं, बॅटरी भरली असं स्वतःच ठरवून हात आखडता घ्यायचं. दोन्ही परत गेली. तिसरं ओबडधोबड आणि जड होतं. पंखा फिरला, बल्ब मंदावला, आणि पडद्यावरची रेघ जशीच्या तशी. मी थक्क होऊन बघत राहिलो. मला वाटलं, झालं. त्यांनी आणखी चार दिवस तेच केलं. मग केबल आखूड आणि जाड केली, पिकअपला नवी बॅटरी बसवली, तिची टोकं घासून लख्ख केली.

डबा टेबलावर काढून त्यांनी तो जिवंत केला होताच. प्रोग्राम भरायच्या दिवशी मोटारी सुरू होऊन स्थिरावेपर्यंत ते नुसते बसून राहिले. मी म्हटलं, आता कशाला थांबता, यंत्र तर पास झालंय. म्हणाले, "परीक्षा मशिनची घ्यायची सर, विष्णूभाऊच्या गाडीची न्हाई." तरीही मध्येच लाइट गेली आणि लगेच आली. पडद्यावरची रेघ जराशी खाली उतरली आणि तिथेही सरळच चालत राहिली. भार बॅटरीने घेतला होता. वीस वर्षं मी व्होल्टेज शिकवलं, पण स्थिर म्हणजे काय ते त्या दिवशी पाहिलं. रेघेपेक्षा मी त्या माणसाकडेच जास्त बघत होतो. पिकअप पहिल्या सेल्फला सुरू झाली.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी दुकानात गेलो आणि सुनंदावहिनींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला ठाव हाय सर. त्याच दिशी सांगितलं व्हतं यांनी. विष्णूभाऊला सांगू नको म्हनले. सर सोता सांगतील, त्यांना जरा येळ लागंल." दुसऱ्या दिवशी मी नांदूरघाटला जाऊन विष्णूभाऊंना सांगून आलो. पण जिथं पहिल्यांदा बोलायला हवं होतं, ती जागा आता रिकामी आहे.

गेली आठ वर्षं मी दर रविवारी त्यांच्याकडे चहाला जायचो. निघायच्या आधी ते हमखास विचारायचे, "आजून काय, सर?" आणि कप हातात तसाच धरून थोडा वेळ माझ्याकडे बघत थांबायचे. मला वाटायचं, त्यांची बोलायची ढबच ती. मी म्हणायचो, काही नाही, चाललंय.