पट्टीपुढची तुटक रेघ

नव्वदच्या उन्हाळ्यात आमच्या ऑफिसात एक गोरा शिकवायला आला होता. माणसानं स्वतःचा वेळ कसा आखावा, हा विषय. कुवेतमधल्या मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत दुरुस्तीची कामं घेणाऱ्या एका कंपनीत मी प्लॅनिंगला होतो. एखादं युनिट बंद करून उघडायचं, साफ करायचं, पुन्हा चालू करायचं, याला शटडाऊन म्हणतात. त्यात कोणतं काम कोणाच्या मागे, कोणासाठी कोण थांबणार आणि घोडं कुठे पेंड खाणार, हे आधी कागदावर मांडायचं, हा माझा धंदा. मला वेळेचं शिकवायचं म्हणजे हलवायाला साखर ओळखायला शिकवण्यातला प्रकार होता. तरी बसलो. एसी चांगला होता.

गोऱ्यानं टेबलावर तीन गोष्टी मांडल्या. सहा कड्यांची जाडजूड चामडी डायरी, भिंतीवर लावायचा वर्षाचा तक्ता आणि त्यावर चिकटवायचे रंगीत ठिपके, आणि खिशात ठेवायची छोटी कार्डं, एका दिवसाला एक. महिन्याभरात प्रत्येकानं आपली पद्धत निवडायची आणि साहेबाला सांगायची, असा हुकूम निघाला.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझे तेवढेही झाले नाहीत. डायरी इतकी जड होती की ती सांभाळणं हेच एक काम होऊन बसलं. ठिपके मुलीनं फ्रिजला, आरशाला आणि स्वतःच्या कपाळाला लावले. ओरडलो तर म्हणाली, "बट दे आर प्रिटी, बाबा." कार्डं शर्टाच्या खिशातून वॉशिंग मशिनमध्ये गेली. बायको मजा बघत होती. जगाची कामं वेळेत बसवणाऱ्या माणसाला घरचा गॅस सिलिंडर बदलायला चार दिवस लागतात, असं ती शेजारणीला माझ्यादेखत सांगायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, एवढंच म्हणून पुढचं गाळायची. कोरडा पाषाण कोण ते सगळ्यांना कळायचं.

शेवटी मी आपल्या जातीवर गेलो. एका जुन्या नकाशाच्या कोऱ्या बाजूवर, फिंतासच्या फ्लॅटमधल्या जेवायच्या टेबलावर, आमच्या घराचाच बार चार्ट काढला. प्रत्येक कामाची एक जाड आडवी पट्टी. मुलीची शाळा, इकामा म्हणजे राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण, दोघींचं मिरजेला जाणं, माझं त्यांच्यामागून सुट्टीवर जाणं, आणि अगदी उजवीकडे, कायमचं परत जाणं. आमच्यात रिवाज असा की एखादं काम थोडं लांबलं तरी शेवटची तारीख हलत नसेल, तर त्या पट्टीपुढे तेवढी तुटक रेघ काढायची. त्याला फ्लोट म्हणतात. आमच्या चार्टवर तुटक रेघ एकाच पट्टीपुढे आली. माझी सुट्टी. तिच्यावाचून कशाचंच अडत नव्हतं.

चार्ट फ्रिजवर लावला. साहेबाला सांगितलं, पद्धत निवडली. तो खूष झाला.

जूनमध्ये दोघी गेल्या. मी जुलैत जायचं ठरलं होतं. शटडाऊन लांबला, सुट्टी पुढे सरकवली. पुन्हा लांबला, पुन्हा सरकवली. दोन्ही वेळा तुटक रेघेच्या आतच होतो, त्यामुळे मला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. फोनवर सांगितलं तेव्हा बायको फक्त "बरं" म्हणाली. मग ऑगस्ट उजाडला आणि एका सकाळी आमच्या खिडकीखालच्या रस्त्यावरून इराकचे रणगाडे गेले.

त्या दिवसांबद्दल लोक मला अजून विचारतात. भीती वाटली का, असं. खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही, आणि हे शौर्य म्हणून सांगत नाही. ऑफिस बंद होतं, तरी मी सकाळी दाढी करायचो, इस्त्रीचा शर्ट घालायचो आणि टेबलाशी बसायचो. फोन मेले होते. वरच्या मजल्यावर दवाखान्यात काम करणारा नागपूरचा एक लॅब टेक्निशियन होता, तो मला खुबूसच्या, म्हणजे तिथल्या रोटीच्या, रांगेत घेऊन जायचा, नाहीतर मी गेलोही नसतो. कोपऱ्यावरचा बकालावाला, म्हणजे वाणी, दुकान लुटलं गेल्याचं सांगत होता तेव्हा मी त्याला साबण आहे का म्हणून विचारलं. घरची आठवण यायची ती अशी, की पाटी पुसल्यावर खडूचा पांढुरका डाग राहतो तेवढीच.

एक दिवस टेक्निशियन म्हणाला, "बस जमली आहे, चला भाऊ, उद्या निघायचं." मी निघालो. बसरा, बगदाद, मग वाळवंटातले तंबू, मग अम्मानहून विमान. लोकांनी दागिने आणले होते, एकानं मिक्सर आणला होता. मी पासपोर्टात घडी घालून तो चार्ट आणला. का, ते मलाही सांगता येणार नाही.

मिरजेला सासुरवाडीच्या दारात उभा राहिलो तेव्हा बायकोनं आधी आंघोळीचं पाणी तापवलं. कितीतरी आठवडे तिला मी आहे की नाही हेही कळलं नव्हतं. ती रडली नाही, मीही नाही. मुलगी दाराआडून बघत होती.

काही दिवसांनी बायको माझी बॅग धुवायला काढत होती. चार्ट निघाला. तिनं तो जमिनीवर पसरला, वरून हात फिरवला आणि विचारलं, "ही तुटक रेघ कसली?"

नवीन लागलेल्या पोराला सांगावं तसं मी तिला सांगितलं. एवढा उशीर झाला तरी चालतो, शेवटच्या तारखेला धक्का लागत नाही.

तिनं बाकीच्या पट्ट्या एकेक करून पाहिल्या. मग म्हणाली, "चालतो कुणाला?"

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. कागद जाड होता, चांगला होता. तिनं तो फडताळात डब्यांखाली अंथरला.

पुढच्या वर्षी कुवेत मोकळं झालं आणि कंपनीचं बोलावणं आलं. तोवर तिनं एका शाळेत नोकरी धरली होती आणि आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. जाऊ नका, असं ती एकदाही म्हणाली नाही. मी जाणार हे तिनं माझ्याआधीच ओळखलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी भाकरी थापता थापता, मागे न बघता म्हणाली, "जा. पण मला एक तारीख सांगा. पट्टी नको, तारीख."

मी डिसेंबरातली एक तारीख सांगितली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिच्याभोवती लाल गोल केला. तिनं गोल पाहिला आणि भाकरी उलटली.

कुवेतमध्ये तेव्हा विहिरी जळत होत्या. वारा फिरला की भर दुपारी गाड्यांना दिवे लावावे लागत आणि वाळत घातलेल्या शर्टावर काळे ठिपके पडत. मला त्याचंही काही वाटलं नाही. सकाळ आहे की संध्याकाळ ते घड्याळ सांगायचं, तेवढं पुरायचं. नव्या साहेबानं पुन्हा त्याच सहा कड्यांच्या डायऱ्या वाटल्या आणि पुन्हा विचारलं, कोणती पद्धत निवडली. मी खिशातलं एक कार्ड काढून दाखवलं. त्यावर एक तारीख होती, बाकी कोरं. त्याला वाटलं, मी थट्टा करतोय.

नोव्हेंबरात अपेक्षेप्रमाणे युनिट सुरू व्हायला उशीर होऊ लागला. साहेबानं बोलावून सुट्टी थोडी पुढे ढकलता येईल का विचारलं, आणि मग आमच्या भाषेत विचारलं, "फ्लोट किती आहे?"

"नाही," मी म्हणालो. इतक्या वर्षांच्या नोकरीत गणित न मांडता दिलेलं हे माझं पहिलं उत्तर. त्यानं थोडं रागावून सही केली.

घरी मी काही कळवलं नाही. फोन लागायचे नाहीत हे खरं, पण कारण ते नव्हतं. पत्रं मी लिहीत होतो. धुराबद्दल लिहायचो, मेसमधल्या पातळ वरणाबद्दल लिहायचो. तारखेबद्दल लिहिलं नाही, कारण आमच्या धंद्यात जे काम मागे पडतं त्याचाच अहवाल द्यायचा असतो. वेळेवर चाललंय त्याबद्दल बोलायचं नसतं. काही कळवलं नाही म्हणजे सगळं ठरल्याप्रमाणे आहे. हे तिलाही ठाऊक आहे, असं मी धरून चाललो होतो.

ठरल्या तारखेला, दुपारी, मी मिरजेत दारासमोर उभा राहिलो. दाराला कुलूप. शेजारच्या काकू हात पुसत बाहेर आल्या.

"अगं बाई, त्या तर शाळेच्या सहलीला गेल्यात पन्हाळ्याला. लेकीलाबी घेऊन गेल्यात. उद्या सांजच्याला येतील." मग माझ्या बॅगांकडे बघून म्हणाल्या, "तुमी येनार हुता व्हय?"

हो म्हणालो. त्यांनी किल्ली दिली.

घर नीट आवरलेलं होतं. कॅलेंडरवर माझा लाल गोल तसाच होता. त्याच चौकोनात, गोलाच्या आत, तिच्या अक्षरात बारीक लिहिलं होतं: सहल. डबा, स्वेटर.

मी खुर्चीवर बसलो. रणगाडे गेले तेव्हा, तंबूत पाण्यासाठी उभा होतो तेव्हा, काळ्या आकाशाखाली, कधीच जे झालं नव्हतं ते आता होऊ लागलं. छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात जावं असं नव्हे, साधं, माणसाला दुखतं तसं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी गेलो. बस आली. ती दाराशी उभी राहून पोरं मोजून उतरवत होती. मला पाहिलं आणि तिचं मोजणं चुकलं. पुन्हा पहिल्यापासून मोजली. सगळी उतरल्यावर ती जवळ आली.

"आलात?" म्हणाली. आणि मग, न विचारताच, अगदी सरळ सांगितलं, त्यात राग नव्हता, "मोठ्या बाईंनी विचारलं, त्या दिवशी तुमचं घरी काही आहे का. मी म्हटलं, आहे, पण ते पुढे गेलं तरी चालतं."

मी तिच्या हातातला पाण्याचा कॅन घेतला. मला रडू आलं, भर रस्त्यात, त्या सगळ्या पोरांसमोर. आमची मुलगी पायरीवर थबकली आणि तिनं मिरजेच्या मराठीत आईला विचारलं, "आई, बाबास्नी काय झालं गं?"