वाळूतलं इनाम

अप्पांना लॉटरी लागली तेव्हा आम्ही मंठाळला राहत होतो आणि अव्वा चुलीपुढं भाकरी थापत होती. भाकरीचं मी मुद्दाम सांगते. पुढं अप्पा ही हकिकत पाहुण्यांना रंगवून सांगायचे, तेव्हा तीत हैदराबाद असायचं, शर्यतीचे घोडे असायचे, फक्त भाकरी नसायची.

अप्पांचं गावात कापडाचं लहानसं दुकान होतं. माल आणायला ते हैदराबादला जात. तिथल्या एका ठोक व्यापाऱ्याकडं एकदा सुटे नव्हते, म्हणून त्यानं घोड्यांच्या शर्यतीच्या लॉटरीचं तिकीट त्यांच्या हातावर टेकवलं. अप्पा चरफडले. तिकीट टोपीच्या अस्तरात खुपसून ते गावी आले आणि विसरूनही गेले. बऱ्याच दिवसांनी त्या व्यापाऱ्याचा माणूस धुळीनं माखून आमच्या दारात उभा राहिला आणि तिथूनच ओरडला, "मुबारक हो सेठ! अव्वल इनाम तुमकोच लगा!"

अप्पा तसेच स्वयंपाकघरात आले. "आगं, इनाम लागलं! आपल्याला इनाम लागलं!"

अव्वानं तव्यावरची भाकरी आधी उलटली. मग पिठाचे हात तसेच वर धरून विचारलं, "कुटली दिली वो? नदीकाठची हाय का?"

आमच्या मुलखात इनाम म्हणजे जमीन. देवळाला इनाम, दर्ग्याला इनाम, काजीला इनाम; सरकारनं तोडून दिलेलं, सारा माफ असलेलं शेत. बक्षिसालाही इनाम म्हणतात हे अव्वाच्या कानावर कधी पडलंच नव्हतं. सरकार खूश झालं आणि आपल्या नवऱ्याला जमीन दिली, एवढं तिला कळलं. आणि ती कुठली असावी हे सांगायला तिला क्षणभरही वेळ लागला नाही. म्हणजे ते तिच्या मनात कधीचं ठरलेलं असणार. पण हा विचार मला फार पुढं सुचला. त्या वेळी घरात नुसता हशा पिकला. अप्पा हसले, तो माणूस हसला, काय झालं म्हणून डोकावलेल्या शेजारणी हसल्या. अव्वाही पदर तोंडाला लावून हसली. तेव्हापासून अप्पा तिला 'इनामदारीण' म्हणायला लागले.

त्या पैशांचं काय करायचं हे आमच्याआधी गावानंच ठरवून टाकलं. कुणी म्हणे मठाला नवा दरवाजा करा, कुणी म्हणे विहीर बांधा, न्हावी म्हणाला हैदराबादेत दुकान काढा आणि मला तिकडं न्या. ज्यांनी अप्पांना कधी उधार मीठ दिलं नसतं ते ओसरीवर बसून त्यांचा पैसा खर्चायचे, आणि चहा अव्वानं करायचा. अव्वाला मात्र कुणी विचारलं नाही. तिनं विचारलेल्या एका प्रश्नावर सगळ्यांचं इतकं हसून झालं होतं की तिच्याकडं आणखी काही सांगण्यासारखं असेल असं कुणाला वाटलं नसावं.

मी विचारलं. कुठली गं नदीकाठची, म्हणून. "म्हायेरची," ती म्हणाली. तिचं माहेर अफजलपूरच्या बाजूला, भीमेवर. दर उन्हाळ्यात मामा बैलगाडी घेऊन यायचा, वाटेत मुक्काम करत आम्ही जायचो आणि पहिल्या पावसाच्या आत परतायचो. त्या दिवसांत नदी आटून एका बाजूला सरकलेली असे आणि उघड्या पडलेल्या वाळूत मामा टरबुजाची वाडी करायचा. ओल लागेपर्यंत खड्डे खणायचे, तळाशी शेणखत घालायचं, बी टोचायचं, वाऱ्यानं वाळू अंगावर येऊ नये म्हणून तुराट्या रोवायच्या. मधोमध एक झिरा खणायचा. वाळूत खणलेला खड्डाच तो, पण त्यात गार, नितळ पाणी साठायचं. त्या झिऱ्यातनं कळशी भरून अव्वा एकेका वेलाला पाणी घाली आणि प्रत्येकाशी कानडीत बोले. "बारव्वा, बा." ये गं बाई, ये. घरी ती आमच्याशी मराठी बोलायची, पूजेला बसली की कानडी, आणि वेलांशी कानडीच. मंठाळात पाय घासत चालणारी माझी आई तिथं चवड्यांवर चालायची. तिथं ती मला फार आवडायची, आणि थोडी परकीही वाटायची.

"मग ती वाळू आपली हाय का?" मी विचारलं.

"कुणाचीच न्हाई. पावसाळ्यात नदी समदं घिऊन जाती. म्हणून तर म्हणलं, सरकारनं दिली तर..." एवढं बोलून ती उठली आणि उगाच चुलीतलं लाकूड सारखं करू लागली.

अप्पांनी त्या पैशांतून गुलबर्ग्यात मोठं दुकान घेतलं, मागं माडीचं घर घेतलं. घरात नळ आला. दिवाणखान्यात दिव्याची काचेची हंडी टांगली गेली, आणि ठोके देणारं एक घड्याळ आलं, ते भलत्याच वेळी वाजायचं. अप्पा वाईट नव्हते. पैसा उधळला नाही, कुणाला लुबाडलं नाही, अव्वाला दागिने केले, मला बूट आणले. ते बूट मला चावायचे, पण ते बुटांचं दुखणं. पाठोपाठ मोटारही आली. गुलबर्ग्यात मोठ्या घरच्या बायका पडद्यात फिरत, तेव्हा मोटारीच्या काचांना हिरवे पडदे लागले. मंठाळच्या बाजारातून डोक्यावर कापडाचा गठ्ठा आणणारी बाई आता हिरव्या उजेडात बसून सराफाकडं जाऊ लागली. वाटेत काय काय लागलं हे तिला आम्ही सांगायचं.

पहिल्या उन्हाळ्यात मामा नेहमीसारखा गाडी घेऊन आला. गुलबर्ग्याच्या आमच्या दारात, मोटारीच्या शेजारी, त्यानं बैल सोडले. गाडीत अव्वासाठी कडब्यावर वाकळ अंथरलेली होती. अव्वाची ट्रंक आदल्या दिवशीच भरलेली होती.

अप्पा दुकानातून आले. मामाला जवळ बसवून घेतलं, जेवायला वाढायला लावलं आणि मग म्हणाले, "आता हिला गाडीत कसं धाडू? लोक काय म्हणतील, सांगा बघू. लगीनसराई सरू द्या, मी सोता मोटारीनं घिऊन येतो."

"लगीनसराई सरंपत्तूर वाडी बी सरती की, दाजी," मामा म्हणाला.

"मग टरबुजं हितं बाजारात मिळत न्हाईत व्हय?" अप्पा हसून म्हणाले. त्यांना खरंच वाटत होतं की प्रश्न टरबुजांचा आहे.

अव्वा दाराआड उभी होती. मी तिच्याजवळ होते. ती आत गेली, ट्रंक उघडली आणि मामाच्या बायकोसाठी घेतलेलं लुगडं तेवढं काढून बाहेर पाठवलं. मामानं बैल जुंपले. गाडी रिकामी असली की जरा जास्तच खडखडते. ती गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत अव्वा माडीच्या खिडकीत होती.

कापडाच्या धंद्यात लगीनसराई म्हणजे सुगी. टरबुजांचे दिवस तेच. दर वर्षी अप्पा 'पुढच्या उन्हाळ्यात' म्हणायचे आणि मनापासून म्हणायचे. मामा परत आला नाही. पुढं कळलं की तो बायकोमुलांना घेऊन सोलापूरला गिरणीत लागला. अव्वानं आमच्या परसात टरबुजाचं बी लावून पाहिलं. वेल काळ्या मातीत भरपूर पसरले, पानं तळहाताएवढी झाली, आणि फळ म्हणून एक धरलं नाही. अप्पा पाहुण्यांना ते दाखवायचे, "ही बघा आमच्या इनामदारीणबाईंची जहागिरी." पाहुणे हसायचे. अव्वा तेव्हा हसायची नाही, पण रागवायचीही नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

शेवटी आम्ही तिकडं नदीवर गेलो ते एका लग्नामुळं. अफजलपूरच्या एका बड्या गिऱ्हाइकाकडचं लग्न होतं, जोडीनं जाणं भाग होतं. जेवणं झाल्यावर अव्वा म्हणाली, "नदी हितनं जवळच हाय." एवढंच. अप्पांनी घड्याळ पाहिलं, तिच्याकडं पाहिलं आणि ड्रायव्हरला नदीकडं घ्यायला सांगितलं.

मोटार काठाअलीकडं रुतली. ड्रायव्हर चाकाखाली दगड घालतोय तोवर अव्वा दार उघडून उतरलीसुद्धा. पायातल्या वहाणा तिनं तिथंच सोडल्या.

"आगं थांब! लोक बघायलेत!" अप्पा ओरडले.

ती चवड्यांवर चालायला लागली होती. मी तिच्या मागं पळाले. मला इतका आनंद झाला होता की रडू येत होतं.

वाळूत वाडी होती. तुराट्या रोवलेल्या, मधोमध झिरा, हिरवीगार टरबुजं वाळूत बसलेली. जागाही तीच, पलीकडचा काळा खडक मला ओळखू आला. एक अनोळखी बाई कळशीनं पाणी घालत होती. आम्हाला पाहून तिनं कळशी ठेवली, पदर सारखा केला.

"या बाईसाब. घ्या की टरबूज, साकरेवानी हाय."

अव्वा वेलाजवळ बसली. पानाखाली हात घालून तिनं एक कोवळं फळ नुसतं चाचपलं. "बारव्वा," ती पुटपुटली. मग वर बघून म्हणाली, "मी दोन कळश्या पाणी घालू का?"

त्या बाईनं तिच्या रेशमी लुगड्याकडं पाहिलं, हातातल्या पाटल्यांकडं पाहिलं. "नगं बाईसाब. लुगडं खराब हुतंय. तुमी सावलीला बसा, मी कापून देते."

"मला येतंय. हितं आमची वाडी आसायची. माजा बाप करायचा, मग भाऊ."

ती बाई हसली. त्यात वाईट काही नव्हतं, मोठ्या माणसांनी थट्टा केली तर हसावं तसं. "तुमची? कामून थट्टा करायलाव बाईसाब, गरिबाची." आणि तिनं कळशी उचलून स्वतःच्या पलीकडं ठेवली.

अव्वानं आपले हात मांडीवर घेतले आणि त्यांच्याकडं पाहत राहिली. ते हात गोरे झाले होते. मला त्या बाईचा संताप आला. अप्पांचा आला, त्या मोटारीचा आला, दूर हैदराबादेत कधीतरी पहिल्या आलेल्या त्या घोड्याचासुद्धा आला.

अप्पा घामाघूम होऊन, बूट हातात घेऊन आले. त्यांनी अव्वाचा चेहरा पाहिला आणि त्यांना जे येत होतं ते केलं. "किती हाईत? समदी दे. गाडीत भर." ती बाई हरखून गेली. नवऱ्याला हाका मारत तिनं पिकलेलं सगळं तोडायला घेतलं. अव्वा उठली आणि मोटारीकडं चालू लागली. या वेळी ती पाय घासत चालत होती.

परतीच्या वाटेवर मोटारीत पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक खड्ड्याला टरबुजं पायांवर गडगडत. हिरवे पडदे ओढलेले होते. अव्वानं एकही कापू दिलं नाही. मग अप्पा समोर बघतच म्हणाले, आणि थट्टेचा सूर लावायला गेलेला त्यांचा आवाज मधेच उतरला, "किती पायजे होती गं तुला जमीन?"

"एका बाईला कळशीनं पाणी घालता यील, इतकी," अव्वा म्हणाली. "आन् ती बी पाऊस पडंपत्तूर."

अप्पांनी हात लांब करून तिच्या बाजूचा पडदा सरकवला. पण तोवर नदी मागं राहिली होती.