कोरड्या तळ्यावरचे करकोचे

फक्रुद्दीन पाटकरी जयसिंगपूरजवळच्या तळ्याचं पाणी शेतांना सोडायचा आणि दर हिवाळ्यात बांधावर बसून उत्तरेकडून येणारे करकोचे बघायचा. बहात्तर साली तळं पार आटलं, तळाला भेगा पडल्या. तरी पाखरं आलीच. जुन्या काठालगत ओळीनं उभी राहून ती कोरड्या मातीत चोची घालायची आणि माना वर करून गिळायची. फक्रुद्दीनचं डोकं फिरलं.

“पाणी न्हाय हितं, कुणाला येडं करताय?” असं ओरडत तो त्यांना हुसकायला तळ्यात उतरला.

घरी आला तेव्हा त्याचा लेंगा गुडघ्यापर्यंत ओला होता.

त्याच्या बायकोनं, चाँदबीनं, तो उतरवून घेतला. थेंबही सांडू न देता तिनं लेंगा पातेल्यात पिळला.

“उद्या अजून आत जावा,” ती म्हणाली.