महानंदाचा स्टीलचा डबा

आपल्या इथल्या मराठी समाजाच्या वार्षिक अंकासाठी भगवंतरावांनी मला सांगितलं, "सयाजी, एखाद्या साध्या माणसावर लिही, ज्याच्याबद्दल तुला आदर वाटतो." मी महानंदावर लिहितोय. आदराचं राहू दे. ती बाई मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. मीही तिला आवडलो नाही, आमचं एकमत होतं ते एवढ्याच गोष्टीवर.

ती निपाणीकडची, इथे यशवंतपूरला मावशीकडे राहायची. चार वर्षं माझ्याबरोबर लग्नांच्या शूटिंगला आली. काम एकच. मी भरलेलं मेमरी कार्ड दिलं की फोटो दोन हार्ड डिस्कवर उतरवायचे, दोन्हीकडचे आकडे जुळवायचे आणि मगच ते कार्ड कोरं करायला परत द्यायचं. भरलेली कार्डं ती स्टीलच्या एका छोट्या डब्यात ठेवायची, शाळेतल्या पोरांना खाऊचा देतात तसल्या. स्टेजमागे जिथे प्लग असेल तिथे खुर्ची टाकून बसायची आणि कॉपी पुरी झाल्याशिवाय जेवायला उठायची नाही. मी घाई केली की पाहुण्यांसमोर म्हणायची, "होऊ दे की अण्णा. लग्न परत लागणार हाय काय?" जे. पी. नगरात माझा स्टुडिओ आहे, तीस वर्षं मी हा धंदा करतोय, आणि ही मला शिकवणार. अंगाची लाही व्हायची.

भगवंतरावांच्या वल्लरीचं लग्न पुष्कळांना आठवत असेल. फोटोवाल्यांनीही फेटा आणि अंगरखा घालायचा, असं घरच्यांनी ठरवलं होतं. माझ्या रोजच्या जाकिटाला दोन खिसे. डावा भरलेल्या कार्डांचा, उजवा कोऱ्यांचा. अंगरख्याला खिसा एकच. सकाळीच महानंदानं तो पाहिला.

"अण्णा, आज कार्ड भरलं की थेट माझ्या डब्यात टाका."

"माझं मी बघतो. माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही," मी म्हणालो.

अक्षता पडल्या, अंतरपाट निघाला, हार घातले गेले आणि कार्ड भरलं. गर्दीत मी ते खिशात टाकलं, कोऱ्या कार्डांतच, आणि दुसरं लावून पुढे निघालो. जेवताना सांबाराचे डाग पडायला नकोत म्हणून अंगरखा काढून खुर्चीवर टाकला. दुपारी खिशातून एक कार्ड काढलं, कॅमेऱ्यात घातलं आणि न बघता पुसून कोरं केलं. त्यावर रिसेप्शन काढलं.

पाचाच्या सुमाराला कौशल्याताई, म्हणजे वल्लरीची आई, म्हणाल्या, "अक्षतांचे फोटो दाखव की." मी जाऊन डबा उघडला. ते कार्ड त्यात नव्हतं. माझं तोंड सुटलं.

"मी माझ्या हातानं या डब्यात टाकलंय. हरवलंस तू!" मराठीत ओरडलो, मग वाढप्यांनाही कळावं म्हणून कन्नडमध्ये ओरडलो. कौशल्याताई मटकन खुर्चीत बसल्या. चाळीस-पन्नास माणसं जमली.

महानंदानं लॅपटॉप आमच्याकडे फिरवला. अंतरपाट, अक्षता, हार, सगळं होतं. "तुम्ही जेवायला गेलासा तवा तुमच्या खिशातनं कार्ड काढून मी कॉपी केलं आणि परत ठेवलं. वस्तूंना हात लावू नको म्हणता, म्हणून बोलले न्हाई. ते कार्ड आता तुमच्या कॅमेऱ्यात हाय."

मी काय केलं होतं ते त्या क्षणी मला समजलं. कौशल्याताईंनी रडत रडत हात धरला, तो माझा. लोक मला म्हणाले, सुटलास बाबा. महानंदा तिथेच उभी होती.

"अण्णा, डब्यात टाकलं नव्हतं, एवढं सांगा की या सगळ्यांसमोर. मी पोटाला काय खाऊ, कार्ड हरवणारी म्हणून नाव झालं तर?"

मी म्हणालो, "मिळाले ना फोटो? सोड की स्वल्प, जाऊ दे आता." आणि ग्रुप फोटो काढायला गेलो.

लोकांच्या लक्षात काय राहिलं, तर ती मुलगी कार्डं हरवते आणि दुसऱ्याचे खिसे तपासते. पुढच्या दोन लग्नघरांनी सांगितलं, तिला आणू नका. मी कन्नडमध्ये म्हणालो, सरी, म्हणजे बरं. नाही आणलं. बरंच वाटलं मला, हेही सांगून टाकतो. अक्षतांचा तो मोठा फोटो आजही माझ्या स्टुडिओच्या काचेत आहे, आणि खाली माझं नाव आहे.

गेल्या महिन्यात होसकोट्याला एका कारखान्याच्या कॅटलॉगचं शूटिंग होतं. एका एजन्सीनं मला बोलावलं होतं. कॉपी करणारं माणूसही त्यांचंच होतं. जाऊन बघतो तर टेबलाशी महानंदा. डबा तोच. शेजारी एक लांबट वही.

दुपारी कार्ड भरलं. मी पुढे केलं. तिनं घेतलं नाही, वही माझ्याकडे सरकवली. चार रकाने होते: वेळ, कार्डाचा नंबर, कोणी दिलं, सही. आधीची पानं माणसांच्या सह्यांनी भरलेली.

"ही वही कधीपासून?" मी विचारलं.

"वल्लरीच्या लग्नापासनं," ती म्हणाली. वर बघितलं नाही.

मी सही केली. मग तिनं डब्याचं झाकण उघडलं.

भगवंतराव, तिच्या वहीत सही केली तशी इथेही करतो. त्या दिवशी जमलेली बहुतेक माणसं हा अंक वाचतात, तेव्हा यातलं काही कापू नका. अक्षतांचं कार्ड मी महानंदाला दिलं नव्हतं. ते माझ्या खिशात होतं आणि पुसलं मी.

— सयाजी