उस्तादांचा वाकडा बंपर

शेवगावात ज्याला गाडी येते तो वाल्मिक उस्तादांकडे शिकलेला असतो, आणि ज्याला येत नाही तो उस्तादांच्याच नावाने खडे फोडत असतो. शिकवणीच्या गाडीत उस्ताद डावीकडे बसतात. पोरगं मठ्ठ असलं की म्हणतात, "गाडी चालवतोस का औत हाकतोस रे?" गल्लीत कुणी गाडी जरा तिरकी लावली, तरी उस्ताद बनियनवर बाहेर येऊन भाषण ठोकणार. असा हा माणूस स्वतःच्या गाडीत मात्र महिनोन् महिने बसत नसे.

परवा बसले. घरची पांढरी गाडी सावलीला लावावी म्हणून शेजारच्या बन्सीच्या गोठ्याकडे नेली. आता गंमत बघा. शिकवणीच्या गाडीत डावीकडे त्यांच्या बाजूला क्लच आणि ब्रेक एवढीच दोन पेडलं. उजव्या टोकाला ब्रेक, हे उस्तादांच्या पायाला पाठ झालेलं. गोठा जवळ आला, पाय सवयीने उजव्या टोकाला गेला आणि तिथे निघाला ॲक्सिलरेटर! गाडी उडी मारून थेट म्हशीच्या हौदावर. बंपर डाव्या दिव्याखालून सुटला आणि रुसलेल्या जावयाच्या ओठासारखा लोंबायला लागला.

उस्तादांनी आधी इकडेतिकडे बघितलं. कुणी नव्हतं. गाडी मागे घेईपर्यंत बन्सी डेअरीला दूध घालून परत आला.

"आरं द्येवा! काय झालं उस्ताद?"

उस्तादांच्या तोंडाने डोक्याला विचारलंच नाही. "काय व्हायचंय? तुझ्या म्हशीनं शिंग घातलं!"

बन्सीचा चेहरा खर्रकन उतरला. म्हैस बिचारी रवंथ करत होती. तिला वकील कुठला मिळणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी बन्सी आपणहून बंपर बसवायला आला. मागोमाग त्याची बायको चांगुणा बंबातलं कढत पाणी घेऊन आली. प्लास्टिक मऊ पडतं म्हणून ती पोचा आलेल्या जागी पाणी ओतत होती आणि बन्सी गाडीखाली उताणा पडून आतून रेटत होता. उस्ताद बाहेरून बंपर धरून उभे. वाफ तोंडावर येत होती, पण घाम काही वाफेचा नव्हता.

"उस्ताद, माफी करा," गाडीखालून बन्सी म्हणाला. "लई गरीब हुती वो म्हस. कवा कुनाला शिंग लावलं न्हाई."

"जाऊ दे रे."

"न्हाई, जाऊ दे कसं? नातू अंगणात रांगतोय. मारकी म्हस दारात न्हाई ठेवायची. टेम्पो सांगितलाय, आत्ता घोडेगावच्या बाजाराला घालवतो."

पाणी ओतताना चांगुणाने पदराने डोळे पुसले, आणि डोळ्यांत वाफ गेली म्हणाली.

पोचा फट्दिशी बाहेर आला. क्लिपा तुटल्या होत्या तिथे बन्सीने तार ओवली, पीळ दिला. बंपर दिव्याला बरोबर भिडला. "बघा, उस्ताद. आता हाय का कुठं वाकडं?"

उस्तादांना त्या सरळ बंपरकडे बघवेना. तेवढ्यात टेम्पो आला. बन्सीने दावं सोडलं. म्हैस फळीवर पाय टाकेना. गल्ली गोळा झालीच होती. आमची गल्ली फुकटचा तमाशा सोडत नाही.

"बन्सी, थांब," उस्ताद म्हणाले. "तिनं नाही केलं. मीच गाडी धडकवली. ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला."

मग बन्सी हात जोडून म्हणाला, "उस्ताद, लई मोठं मन तुमचं. मुक्या जनावरासाठी आळ सोताच्या डोक्यावर घेताय."

"अरे, खरंच सांगतोय!"

"तुमी? अन् धडकवणार?" टेम्पोवाला हसला. तोही उस्तादांचाच चेला. "उस्ताद, दुसरी थाप मारा!"

गल्ली कौतुकाने माना डोलवू लागली. चांगुणा तर पाया पडायला वाकली. त्या वाकण्याने उस्ताद आतून कोसळले. शिव्या खायची तयारी होती; हे कुठे ठेवायचं?

ते तडक हौदापाशी गेले. कोपऱ्यावर शेणाचा थापा होता, वाळत आलेला. त्यांनी तो नखांनी खरवडला, तळव्याने पुसला. खाली टवका उडालेलं सिमेंट, आणि त्यावर गाडीचा पांढरा रंग.

"हे शेण काल मीच थापलं," ते म्हणाले. "कुणाला दिसू नये म्हणून."

कुणी हसलं नाही. एरवी शिंक आली तरी खिदळणारी आमची गल्ली, पण त्या सकाळी एकेक जण काम आठवल्यासारखा निघून गेला. टेम्पोवाल्याने फळी उचलली. बन्सीने उस्तादांकडे बघितलं नाही. म्हशीला चुचकारत गोठ्यात नेलं.

उस्ताद शेणाचे हात पुढे धरून उभेच. चांगुणाने बादलीत उरलेलं कोमट पाणी तांब्यात घेतलं, आणि लांबूनच धार धरली.

"हात धुवा," ती म्हणाली. पुढे 'उस्ताद' मात्र म्हणाली नाही.